चाळीस मिनिटांचं माकड

ब्रेडचं माकड चाळीस मिनिटांत वाळतं. आधी कान वर वळतात, मग हनुवटी सुटते, आणि शेवटी चीजच्या तोंडाला भेग पडते. हे मी घड्याळाकडं बघत पाहिलेलं आहे. 2023 च्या जुलैचा शेवटचा आठवडा होता. राजारामपुरीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाला, चौदा माकडं एका ताटात मांडून ठेवली होती आणि त्यांना कुणी हात लावायचा नव्हता, कारण फोटो व्हायचा होता. फोटो थांबला होता केकसाठी. केक थांबला होता माझ्या दिरांसाठी. आणि दीर शिरोलीच्या एमआयडीसीतून सुटून तावडे हॉटेलच्या चौकात पावसात अडकले होते. वीस पोरं साडेसहापासून भुकेनं कासावीस झाली होती आणि समोर खायचं असून त्यांना खाता येत नव्हतं. त्या चाळीस मिनिटांचा राग माझ्या मनात अजून आहे.

मुलांच्या वाढदिवसाला ‘थीम’ असते, त्यात आता नवल राहिलेलं नाही. जंगल, समुद्र, अंतराळ, डायनासोर, युनिकॉर्न. एकदा थीम ठरली की टोप्या, फुगे, पाठीमागचा पडदा, केकवरचा टॉपर आणि खाणंही त्याच रंगाढंगाचं लागतं. मला थीमचा राग नाही. पाच वर्षांच्या पोराला जंगलाचं वेड असतं, एक संध्याकाळ त्याला घरात जंगल मिळावं आणि ते आपण उभं करावं, हे मला मनापासून पटतं. माझी तक्रार आहे ती त्या खाण्याला चिकटवलेल्या ‘सोपं’ या शब्दाबद्दल.

‘अगदी सोपं, दहा मिनिटांत तयार’ असं ज्याला म्हणतात, त्या माकडाचा हिशेब सांगते. ब्रेडच्या गोल चकत्या कापायच्या. वाटीनं कापल्या तर कड फाटते, म्हणून साचा हवा, आणि तोही दोन आकारांचा: मोठा तोंडाला, लहान कानांना. आमच्या जवळच्या भांड्यांच्या दुकानात करंजीचं कातणं होतं, मोदकाचे साचे होते, सोऱ्या होता, चकल्या-शेवेच्या ताटल्या होत्या, पण गोल साचा नव्हता. त्यासाठी महाद्वार रोड गाठला. शनिवार, पाऊस, अंबाबाईला आलेल्या परगावच्या गाड्या. बिंदू चौकाच्या अलीकडंच स्कूटी लावून छत्रीतून चालत जावं लागलं. साचे मिळाले. मग चीजच्या चकत्या, दालचिनीच्या रंगाचा ब्रेड, आणि डोळ्यांसाठी काळी ऑलिव्ह. चौदा माकडांना अठ्ठावीस डोळे लागले, म्हणजे पाच-सहा ऑलिव्ह. बाकीची बाटली तीन महिने फ्रीजच्या दारात उभी होती. आमच्या घरात ते फळ कुणाला आवडत नाही. शेवटी ती टाकून द्यावी लागली, आणि अन्न टाकताना मला फार वाईट वाटतं.

ब्रेडचे दोन मोठे पुडे संपले आणि कडांचं एक पातेलं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कडांचा ब्रेडचा चिवडा केला, संध्याकाळी उपमा केला, आणि उरलेल्या कडा वाळवून कटलेटसाठी चुरा करून ठेवला. म्हणजे चौदा माकडांपायी चार जणांच्या घरानं दोन दिवस ब्रेड खाल्ला.

बाजार, कापणं, चिकटवणं आणि नंतरची आवराआवर धरून माझे साडेचार तास गेले. दहा मिनिटं फक्त शेवटची होती, चकतीवर चकती ठेवण्याची. पुरणपोळी करणारी बाई कधी म्हणत नाही की पोळी दहा मिनिटांत होते. डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण वाटणं, कणीक तिंबणं, सगळं ती कामात धरते. पोळी तव्यावर किती वेळ असते त्यावरून तिनं हिशेब सांगितला असता तर पुरणपोळीही सोपीच ठरली असती. पुरणाच्या बाबतीत इतका खरेपणा आपल्याकडं आहे, तर माकडाच्या बाबतीत का नसावा?

फळांचंही असंच. सोप्या पदार्थांच्या यादीत हमखास द्राक्षांचा सुरवंट असतो: हिरवी द्राक्षं काडीत ओवायची आणि पुढच्याला डोळे लावायचे. त्याच्या शेजारी स्ट्रॉबेरीचा उंदीर. माझ्या मुलाचा वाढदिवस जुलैत. द्राक्षं आपल्याकडं तासगावची येतात ती फेब्रुवारी-मार्चला, स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची थंडीत. जुलैत कोल्हापूरच्या मंडईत केळी असतात, पेरू दिसायला लागतात, डाळिंबं असतात, मक्याची कणसं असतात. ज्या पदार्थाला ऋतूच माहीत नाही, तो सोपा कसा? कणसाचे दाणे उकडून, मीठ-लिंबू लावून वाटीत दिले तर पोरं वाटी चाटून पुसून खातात. ते मात्र त्या यादीत कधी नसतं, कारण त्याला डोळे लावता येत नाहीत.

त्या काडीबद्दलही बोलायलाच हवं. टोकदार टूथपिक वीस धावत्या मुलांच्या हातात द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडं मोठ्या मुलांबरोबर त्यांची दोन-तीन वर्षांची भावंडं येतात, आणि ती ताटातलं काहीही उचलतात. इतक्या लहान मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये, ते श्वासनलिकेत अडकतं. द्यायचंच तर उभं चिरून द्यावं. शेंगदाणा आणि पॉपकॉर्नही त्या वयाला नकोत. हे बालरोगतज्ज्ञ सांगतात, घरातल्या म्हाताऱ्या सांगतात, आणि सोप्या पदार्थांच्या यादीत मात्र ते कुठंच नसतं.

आता जंगलाकडं येते. जंगलाचे टॉपर आणि कागदी टोप्या आणल्या. त्यात सिंह होता, जिराफ होता, झेब्रा होता, पाणघोडा होता. माझ्या मुलानं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, “आई, ह्यात गवा कुठं हाय?”

गवा नव्हता. कोल्हापूरच्या पोराच्या जंगलात गवा नाही, ही गोष्ट मला फार लागली. दाजीपूरचं रान म्हणजे पूर्वीचं कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव जंगल. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आज त्याला राधानगरी अभयारण्य म्हणतात. 2021 च्या डिसेंबरात तर गवे शहराच्या वेशीपर्यंत आले होते आणि घराघरांत गव्याशिवाय दुसरी चर्चा नव्हती. आमची पोरं शाळेच्या सहलीला राधानगरीला जातात, शेकरूची घरटी बघतात, आणि परत येऊन ‘मला गवा दिसला’ म्हणून आठवडाभर सांगत बसतात. त्यांच्या वाढदिवसाला आफ्रिकेचं जंगल का मांडायचं?

त्या पाकिटात एक चित्ता होता, आणि तो मात्र खरं तर आपलाही होता. संस्थानच्या काळात कोल्हापुरात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळायला चित्तेवान असत. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि 2022 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या कुनोत आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले. मी हे मुलाला सांगितलं, तेव्हा तो टोपी डोक्यावर घालून तासभर चित्ता झाला होता. पण त्या टोपीवरच्या चित्त्याच्या डोळ्यांपासून ओठांपर्यंत येणाऱ्या काळ्या रेघा काढलेल्याच नव्हत्या. तो बिबट्या होता आणि खाली चित्ता लिहिलं होतं. मुलांसाठी वस्तू करताना इतकं तरी नीट बघायला हवं. मुलं बघतात.

पावसाळ्याच्या दिवसांत कोल्हापुरात वाढदिवस करणाऱ्या प्रत्येक आईला ‘सादळणं’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुडा फोडला की वेफर पंधरा मिनिटांत मऊ पडतात. क्रीमची बिस्किटं ओलसर लागतात. पापडाच्या कोनात भेळ भरायची आणि त्याला झाडाचं खोड म्हणायचं, असाही एक ‘सोपा’ पदार्थ मी केला होता. भरल्यावर दहाव्या मिनिटाला खोडं वाकली आणि विसाव्या मिनिटाला भेळ ताटात आली. खोलीत पंखा लावला तर ब्रेड वाळतो, बंद केला तर वेफर सादळतात. त्या संध्याकाळी मी पंखा चार वेळा लावला आणि चार वेळा बंद केला.

हे पदार्थ वाट बघायला केलेले नसतात, आणि वाढदिवसात वाट बघण्यावाचून दुसरं काही नसतं. आमंत्रण साडेसहाचं असतं. पोरं सहा वाजताच येतात, कारण ती खेळायला येतात. त्यांच्या आया सातला येतात. काका-मामा आठपर्यंत येत राहतात. जुलैत पाऊस लागला की सगळं पंचगंगेच्या हातात असतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका, आणि कोण कुठल्या रस्त्यानं येणार हे त्या आकड्यावर ठरतं. अशा गावात चाळीस मिनिटं टिकणारं माकड करायला सांगणं हे बेजबाबदारपणाचं आहे. मोठी माणसं आली नाहीत म्हणून लहान पोरांना उपाशी ठेवायचं, ही चूक माझी होती आणि ती मी पुन्हा करणार नाही. मूल आलं की त्याच्या हातात खायला द्यायचं. फोटो नंतर, जे उरलं असेल त्याचा.

रंगाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यात नुसता त्रास नाही, पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. जंगलातलं तळं करायचं होतं, म्हणून निळं काहीतरी हवं होतं. दुकानात निळ्या रंगाची इवलीशी बाटली मिळते. आपल्याकडं खाण्यात घालायला आठ कृत्रिम रंगांना कायद्यानं परवानगी आहे, आणि बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. घरातल्या ओट्यावर बाटलीतून थेंब पाडताना मिलिग्रॅम कसे मोजायचे? ‘रंग गडद हवा असेल तर आणखी थोडा घाला’ एवढंच सांगितलेलं असतं. आधीच्या वर्षी एका वाढदिवसाला गडद निळ्या क्रीमचा केक होता. पोरांच्या जिभा, दात, ओठ, शर्टाच्या बाह्या सगळं निळं झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आयांचे घाबरून फोन आले होते, कारण पोरांच्या शीला हिरवट रंग आला होता. आपल्या पलीकडं निपाणीपासून कर्नाटक सुरू होतं. तिथं 2024 च्या मार्चमध्ये सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी सापडलं होतं. ते कापड रंगवायचं रसायन आहे. खाद्यरंगाच्या बाटलीत ते असतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की मुलांच्या खाण्यातला रंग ही हौसेनं ‘आणखी थोडा’ घालायची गोष्ट नाही.

आमच्या गॅलरीच्या गजांवर गोकर्णाचा वेल आहे. पावसाळ्यात तो रोज दहा-पंधरा गडद निळी फुलं देतो. सासूबाई ती देवाला वाहतात. त्यांना विचारून पंधरा फुलं घेतली, हिरवे देठ काढले आणि पाकळ्या कपभर गरम पाण्यात टाकल्या. पाच मिनिटांत पाणी शाईसारखं निळं झालं. त्या पाण्यात भात शिजवला. इथवर सगळं छान होतं. मग भात मोकळा व्हावा म्हणून सवयीनं लिंबू पिळलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तळं जांभळं झालं. गोकर्णाच्या रंगात आंबट पडलं की तो जांभळा होतो, हे मला नंतर कळलं. जांभळ्या तळ्यावर काकडीची कमळं ठेवून तो भात मी तसाच वाढला.

पण त्या जांभळ्या भातानंच मला त्या दिवसातली एकमेव खरी सोपी गोष्ट शिकवली. उरलेलं निळं पाणी साखर घालून पेल्यांत ओतलं होतं. एका पोरीनं त्यात लिंबाची फोड पिळली आणि ओरडली. मग वीसच्या वीस पोरं ओट्याभोवती गोळा झाली. एकेकाच्या हातात लिंबाची फोड, समोर निळा पेला, आणि पिळलं की खालून वर चढत जाणारा जांभळा रंग. माकडांकडं कुणी बघेना. सरबत दोनदा करावं लागलं, गोकर्णाची सगळी फुलं संपली, आणि दुसऱ्या दिवशी देवाला जास्वंद वाहिली. त्याला खर्च लागला साखरेचा आणि लिंबांचा. वेळ लागला पाणी उकळण्याएवढा. पोरांनी ते स्वतःच्या हातानं केलं आणि लगेच पिऊन टाकलं.

आणखी एक गोष्ट थीमच्या खाण्यात विसरली जाते: चव. ब्रेड, चीज, मेयोनीज, क्रीम, चॉकलेट. सगळं मऊ आणि अळणी नाहीतर गोड. कोल्हापुरातलं सहा वर्षांचं मूल घरी कांदा-लसूण चटणी तेलात कालवून भाकरीशी खातं. त्याला अळणी माकड देऊन आपण त्याला लहान समजतो. शेजारच्या पोरानं अर्धं माकड खाल्लं, ताटात ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, “काकू, तिखट कायच नाही व्हय? जरा चटणी द्या की.” त्याला भडंगाचा डबा काढून दिला. तो डबा खरं तर मोठ्या माणसांसाठी होता. दहा मिनिटांत त्याचा तळ दिसला. चुरमुरे, लसूण, कडीपत्ता, चटणी, वरून थोडी पिठीसाखर. त्यात जंगल कुठंच नव्हतं. शेंगदाणे तेवढे मी बारक्यांच्या वाट्यातून वेचून काढले.

माकडं आठ उरली.

रात्री आवरताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढा खटाटोप कशापायी? बोरन्हाणाला काय करत होतो आपण?” मी हातातलं फडकं खाली ठेवलं. खरंच, बोरन्हाण म्हणजे काय असतं? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, बाळाला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, बत्तासे ओतायचे. भोवतीच्या पोरांनी ते वेचून खायचे, खिशात भरायचे. रंग ठरलेला, पोशाख ठरलेला, खाणं ठरलेलं, खेळ ठरलेला. काही शिजवायचं नाही, काही चिकटवायचं नाही, सगळं त्या ऋतूतलं आणि बाजारात ढिगानं मिळणारं. तिळाच्या एकेका दाण्यावर पाक चढवून हलवा करणं सोपं नाही, आणि तो सोपा आहे असं कुणी म्हणतही नाही. जिला जमतो ती करते, बाकीच्या विकत आणतात. आजकाल बोरन्हाणातसुद्धा बोरांऐवजी चॉकलेटं आणि बिस्किटांचे पुडे ओततात. पुड्याचा कोपरा बाळाच्या कपाळाला लागतो. ते मला अजिबात आवडत नाही.

सासूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. परातीत पोळ्यांची थोडी कणीक उरली होती. त्यांनी सुपारीएवढा गोळा घेतला, अंगठा आणि दोन बोटांनी एका बाजूला चिमटा काढून चोच केली, दुसऱ्या बाजूला दाबून शेपटी केली, डोळ्याच्या जागी ज्वारीचा दाणा टोचला आणि गरम तव्याच्या कडेला ठेवली. कणकेची चिमणी. तव्यावर तिची बाजू फुगली, तांबूस डाग पडले. वाढदिवसाचा मुलगा पेंगुळला होता, तो डोळे चोळत आला आणि ती फुंकून फुंकून, आधी शेपटी आणि मग चोच अशी खाल्ली. दाणा काढून त्यानं आज्जीच्या हातावर ठेवला. वेळ मी मोजला नाही, पण तवा गार व्हायच्या आत ते सगळं झालं होतं.

पुढच्या वर्षी, 2024 ला, मी ठरवूनच सगळं वेगळं केलं. थीम पुन्हा जंगलच, पण दाजीपूरचं. माझी अट एकच होती: जो पदार्थ वाट बघू शकत नाही, तो ताटात येणार नाही.

पहिली, पानं. नवरात्रात आपल्याकडं देवीच्या घटावर फुलोरा बांधतात. त्यात कडाकण्या असतात, वेणी-फणी असते, करंज्या असतात, सगळं दोऱ्याला टांगलेलं. आकाराचं खाणं कसं करावं आणि ते दिवसचे दिवस कसं टिकवावं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. गुळाच्या पाण्यात रवा आणि कणीक घट्ट भिजवली, पातळ लाटली, करंजीच्या कातण्यानं पानं कापली. तळायच्या आधी प्रत्येकीला देठाशी भोक पाडलं, कारण तळल्यावर पाडायला गेलं की कडाकणी तडकते. मंद आचेवर तळल्या आणि गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. पोरं आली तशी एकेक माळ गॅलरीच्या दारात टांगली. हात वर करायचा, पान तोडायचं, खायचं. सादळायला त्यांना वेळच मिळाला नाही.

दुसरा, गवा. नाचणीचं पीठ तुपात खमंग भाजलं, त्यात किसलेला गूळ आणि वेलदोडा घातला. गवा काळपट तपकिरी असतो, नाचणीही तशीच. लाडू गोल वळायचा नाही, थोडा लांबट वळायचा आणि पाठीवर बोटानं दाबून उंचवटा काढायचा, कारण गव्याच्या पाठीला तसा कणा असतो. मग खालची बाजू सुक्या खोबऱ्याच्या पांढऱ्या किसात टेकवायची. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, पायमोजे घातल्यासारखे, आणि पोरांना ते पक्कं माहीत असतं. काजूची एक पाकळी मुळातच शिंगासारखी वाकलेली असते. दोन लावल्या की झालं. कुणाला काजू चालत नाही का, हे आयांना आधी विचारून घेतलं आणि अगदी बारक्यांसाठी पाच गवे बिनशिंगांचे ठेवले. चाळीस गव्यांना पीठ भाजण्यापासून शिंगांपर्यंत पावणेदोन तास लागले. ते मी पावणेदोन तासच सांगते.

तिसरा, चित्ता. लाटलेल्या धपाट्यावर दोन्ही बाजूंनी काळे तीळ दाबायचे. शेवटी भडंग, यंदा मुलांच्या नावानं आणि दुप्पट, आणि गोकर्णाचं सरबत. वेलाची फुलं मी तीन दिवस आधीपासून साठवत होते. सासूबाईंनी तेवढे दिवस देवाला जास्वंदीवर समजावलं.

टोपीवर गवा बाजारात मिळालाच नाही. अजूनही मिळत नाही. माझ्या मोठ्या मुलीनं पुठ्ठ्यावर काढला.

आणि त्याच आठवड्यात पंचगंगेनं 43 फूट ओलांडले. चार पोरं आलीच नाहीत. त्यातला एक आंबेवाडीचा, माझ्या मुलाच्या वर्गातला, घरात पाणी येईल म्हणून आईबापांबरोबर शहरात पाहुण्यांकडं हलला होता. त्याला फार यायचं होतं. वाढदिवस झाला, गवे संपत आले, तेव्हा माझ्या मुलानं चार गवे स्वतः मोजून डब्यात ठेवले आणि डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी पाऊस जरा ओसरला, तेव्हा आम्ही दोघं रेनकोट घालून त्या पाहुण्यांच्या घरी गेलो. एका खोलीत सात माणसं, भिंतीला लावून ठेवलेली गाठोडी, कोपऱ्यात टीव्हीचा खोका. पोरगं गाठोड्यावर बसलं होतं. माझ्या मुलानं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. चारही गवे जसेच्या तसे उभे होते, पायमोजे पांढरे, आणि एकाचंही शिंग पडलं नव्हतं.

त्या पोरानं एक गवा उचलून तळहातावर ठेवला, फिरवून बघितला, आणि विचारलं, “शिंगं आधी खायाची का मागनं?”

“आधी,” माझा मुलगा म्हणाला. “नाहीतर टोचतोय त्यो.”